ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकात ग्राफिक्स कार्डाचा बस स्पीड ‘एक्स८ १.१’ दिसतो, दोष कुठे शोधावा?

गिरगावकर_संकलक

नमस्कार. मी गिरगावात घरूनच माहितीपटांचे आणि लग्नसोहळ्यांच्या चित्रफितींचे संकलन करते. संगणक हे माझ्या रोजीरोटीचे साधन आहे, मात्र त्याच्या अंतर्भागाचे माझे ज्ञान जुजबी आहे. प्रश्नात काही माहिती राहून गेली असल्यास कृपया विचारावे.

संगणकात रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर४-३६०० रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी आणि १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून माझ्या भाच्याने तो जोडून दिला होता आणि दोन वर्षे त्याने कसलाही त्रास दिला नाही. दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला, तेव्हा रेंडरिंगला लागणारा वेळ कमी व्हावा म्हणून त्याने बायोसमध्ये काही बदल केले. त्याने लिहून ठेवलेल्या चिठ्ठीप्रमाणे बेस क्लॉक (संगणकाच्या भागांना ताल देणारा मूळ वेग) १०० मेगाहर्ट्झवरून १०२.५ मेगाहर्ट्झ केला आहे आणि मल्टिप्लायर (त्या वेगाला गुणणारा आकडा) ४६ वर स्थिर ठेवला आहे, म्हणजे सगळे कोअर साधारण ४७१५ मेगाहर्ट्झवर चालतात. शिवाय एमएसआय आफ्टरबर्नरमधून ग्राफिक्स कार्डाचा कोअर क्लॉक आणि मेमरी क्लॉकही थोडा वाढवला आहे. भाचा आता पुण्याला वसतिगृहात परतला असून त्याची परीक्षा तोंडावर आहे, म्हणून त्याला वारंवार फोन करणे मला प्रशस्त वाटत नाही.

अडचण अशी की, अंतिम रेंडर पूर्वीपेक्षा किंचित लवकर होतो खरा. पण डाविंची रिझॉल्व्हमध्ये ४के चित्रणाचे तीन थर एकावर एक ठेवले की जो प्रीव्ह्यू पूर्वी सुरळीत चाले, तो आता अडखळतो. शोध घेताना जीपीयू-झेड हे साधन सापडले. त्यात ‘बस इंटरफेस’ (बस म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणारा मार्ग) या रकान्यात ‘पीसीआयई एक्स१६ ४.० @ एक्स८ १.१’ असे दिसते. कार्ड सोळा लेनचे आणि चौथ्या पिढीचे असूनही ते आठ लेनवर आणि पहिल्या पिढीच्या वेगाने चालते आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. एका दुकानात फोनवर विचारले असता कार्ड ओव्हरक्लॉकमुळे खराब झाले असून बदलावे लागेल, असे सांगण्यात आले. कार्ड खरोखर खराब झाले आहे का, आणि आफ्टरबर्नरमधील वाढ काढून टाकली तर बसचा वेग पूर्ववत होईल का, एवढे कृपया सांगावे.


जुना_जोडणीकार (दादर)

ताई, कार्ड बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आपण दिलेल्या माहितीत कार्ड खराब झाल्याचे एकही लक्षण मला दिसत नाही. मात्र बाकी काहीही करण्यापूर्वी चालू कामाची सगळी चित्रणे आणि प्रोजेक्ट बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच, पण हे काम आजच करावे.

जीपीयू-झेडमधील त्या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगवेगळी असतात. ‘एक्स८’ हा लेनचा आकडा आहे, म्हणजे रस्ता किती पदरी आहे ते, आणि ‘१.१’ ही पीसीआय एक्स्प्रेस (पीसीआयई) या बसच्या मानकाची पिढी आहे, म्हणजे प्रत्येक पदरावरून वाहतूक किती वेगाने चालू आहे ते. पहिल्या पिढीत एका लेनवरून एका दिशेने सेकंदाला २५० एमबी माहिती जाते, दुसऱ्या पिढीत ५०० एमबी, तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५ एमबी आणि चौथ्या पिढीत जवळपास २ जीबी. आपल्या कार्डाला सोळा लेन आणि चौथी पिढी मिळाली तर सेकंदाला सुमारे ३१.५ जीबी मिळतात; आठ लेन आणि पहिली पिढी असेल तर अवघे २ जीबी. फरक मोठा आहे, आपली काळजी समजण्यासारखी आहे.

परंतु ‘१.१’ हा आकडा आपण संगणक रिकामा असताना पाहिला असावा, असा माझा अंदाज आहे. कार्डाला काम नसते तेव्हा वीज वाचवण्यासाठी ड्रायव्हर बसचा वेग स्वतःहून पहिल्या पिढीपर्यंत उतरवतो आणि काम येताच क्षणार्धात पुन्हा चढवतो. हे रोजचे, निरोगी वर्तन आहे, दोष नव्हे. जीपीयू-झेडमध्ये त्या रकान्याच्या शेजारी प्रश्नचिन्हाचे एक छोटे बटण आहे. ते दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीतून एक लहानशी रेंडर चाचणी सुरू करता येते. ती चालू असताना आकडा पाहावा. लेनची संख्या मात्र काम नसतानाही सहसा घटत नाही, म्हणून ‘एक्स८’ मला ‘१.१’पेक्षा जास्त खटकतो आहे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आफ्टरबर्नरमधील वाढ बसला स्पर्शही करत नाही. त्याने बदलतो तो ग्राफिक्स चिपचा आणि कार्डावरील मेमरीचा क्लॉक. पीसीआय एक्स्प्रेसचा क्लॉक कार्डाला मदरबोर्डकडून मिळतो. तो १०० मेगाहर्ट्झचा संदर्भ-क्लॉक असतो आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या मानकानुसार त्यात दशलक्षांत ३०० भागांपेक्षा अधिक फरक चालत नाही, म्हणजे तो साधारण ९९.९७ ते १००.०३ मेगाहर्ट्झ या मर्यादेत राहायला हवा. भाच्याने केलेला १०२.५ चा बदल मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. एएम४ सॉकेटच्या बहुतेक मदरबोर्डांवर बेस क्लॉक वाढवला की प्रोसेसर, रॅम, इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी वाट) आणि पीसीआय एक्स्प्रेस ही सगळी मंडळी एकाच दावणीला बांधल्यासारखी सोबत ओढली जातात. आपली रॅम सध्या ३६०० ऐवजी ३६९० वर आणि फॅब्रिक १८०० ऐवजी १८४५ मेगाहर्ट्झवर चालत असणार. प्रोसेसरला थेट जोडलेला एनव्हीएमई एसएसडीही पीसीआय एक्स्प्रेसवरच आहे. बेस क्लॉक ताणल्याने चित्र अडखळले तर वेळ जातो, पण एसएसडीवर चुकीचे काही लिहिले गेले तर काम जाते. सुरुवातीला प्रत काढून ठेवायला सांगितले ते याचसाठी.

हे दुखणे जुने आहे. १९९९-२००० च्या सुमारास मी ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर संगणक जोडत असे. फ्रंट साइड बस (त्या काळचा बेस क्लॉक) १०० वरून १३३ वर नेली की प्रोसेसर खुशीत धावे, पण त्या चिपसेटकडे एजीपीसाठी (तेव्हाच्या ग्राफिक्स कार्डांच्या बससाठी) दोन-तृतीयांशापेक्षा लहान भाजक नव्हता, त्यामुळे ६६ मेगाहर्ट्झवर चालायचा तो एजीपी ८९ मेगाहर्ट्झवर पळे. काही कार्डे ते निमूट सोसत, काहींच्या पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटे आणि ग्राहक कार्डाला दोष देई. पुढे एनफोर्स२ सारख्या चिपसेटांनी एजीपी आणि पीसीआयचा क्लॉक वेगळा बांधून ठेवण्याची सोय दिली. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये सगळे पुन्हा एकाच क्लॉकला बांधले आणि २०१५ च्या स्कायलेकमध्ये पुन्हा सोडवले. आपल्या बोर्डावर ती गाठ बहुधा बांधलेलीच आहे.

तेव्हा आधी रेंडर चाचणी चालू असतानाचा आकडा कळवा. त्याचबरोबर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ या नोंदवहीत डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा घटक) या नावाच्या नोंदी आहेत का, आणि असल्यास त्यांचा क्रमांक १७ आहे की १९, तेही पाहा. बायोसमध्ये अजून हात घालू नका.


गिरगावकर_संकलक

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. सगळी चित्रणे रात्रीच बाह्य डिस्कवर उतरवली.

आपला अंदाज अर्धा खरा ठरला. रेंडर चाचणी सुरू होताच ‘१.१’ चा ‘३.०’ झाला आणि चाचणी चालू असेपर्यंत तो तसाच राहिला, ‘४.०’ मात्र एकदाही दिसला नाही. लेनचा आकडा काम असताना आणि नसताना ‘एक्स८’ हाच आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या बऱ्याच पिवळ्या नोंदी आहेत. सगळ्यांचा क्रमांक १७ आहे आणि प्रत्येकीत ‘पीसीआय एक्स्प्रेस रूट पोर्ट’ असे शब्द आहेत. १९ क्रमांकाची एकही नोंद नाही. पहिली नोंद दिवाळीच्या सुट्टीतली, भाच्याने बदल केले त्याच संध्याकाळची आहे.


लोअर_परळ_०७

माझे मत थोडे वेगळे आहे. तिसऱ्या पिढीच्या आठ लेन म्हणजे सेकंदाला जवळपास ७.९ जीबी होतात. मी आरटीएक्स ४०६० वापरतो. ते कार्ड मुळातच आठ लेनचे आहे, आणि माझा बोर्ड बी४५० चा असल्याने ते तिसऱ्या पिढीवरच चालते. खेळांमध्ये मला त्याने काही बिघडल्याचे जाणवत नाही. जोपर्यंत सगळा मजकूर कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावतो, तोपर्यंत बसवरून फारशी ये-जा होतच नाही. चालत्या यंत्रात केवळ एक आकडा पाहून स्क्रू-ड्रायव्हर घालणे मला धोक्याचे वाटते. लेनच्या आकड्यामागे न लागता प्रीव्ह्यूचे रिझोल्यूशन निम्मे करून काम भागवावे, असे सुचवेन.


जुना_जोडणीकार (दादर)

खेळांपुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. ब्लेंडरसारख्या थ्रीडी रेंडरिंगलाही ते बऱ्याच अंशी लागू पडते, कारण दृश्य एकदा कार्डाच्या मेमरीत चढले की पुढचे गणित तिथेच होते. संकलनाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे दर क्षणाला नवी चौकट येत असते. ४के चौकटीत सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाचे चार घटक, प्रत्येक घटकाला ३२ बिट, असे धरले तर एकच चौकट सुमारे १३३ एमबीची होते. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे ३.३ जीबी, आणि तीन थर म्हणजे १० जीबी. प्रत्येक चौकट अशा पूर्ण रूपात बसवरून जाते असे मी म्हणत नाही, डिकोडिंग कार्डावरच झाले तर बराच भार वाचतो. पण एक थर सुरळीत चालतो आणि तीन थरांना यंत्र धापा टाकते, हे ताईंनी सांगितलेले लक्षण ७.९ जीबीच्या मर्यादेशी चांगले जुळते. शिवाय हे काही केवळ आकड्याचे वेड नव्हे. १७ क्रमांकाची नोंद म्हणजे बसवर चूक झाली आणि ती दुरुस्त करून माहिती पुन्हा पाठवावी लागली. चूक दुरुस्त होते म्हणून संगणक बंद पडत नाही, परंतु ती रोज होत असेल तर जोडणीत कुठेतरी खोट आहे. नोंदी १९ क्रमांकाच्या असत्या तर मी प्रोसेसरच्या आतल्या फॅब्रिककडे वळलो असतो. १७ थेट पीसीआय एक्स्प्रेसकडे बोट दाखवते.

ताई, आता बायोसमध्ये जाऊन फक्त एक बदल करा: बेस क्लॉक १०२.५ वरून १०० वर आणा. मल्टिप्लायर, रॅम, आफ्टरबर्नर, सगळे आहे तसे असू द्या. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही. पीसीआय एक्स्प्रेसच्या ‘लिंक स्पीड’ची निवड ‘ऑटो’वरच ठेवा. तिथे बळजबरीने ‘जेन ४’ निवडले आणि जोडणी ते पेलू शकली नाही, तर पडदा काळाच राहील आणि मग बायोस मूळपदावर आणणारा बोर्डावरचा सीमॉस जंपर शोधत बसावे लागेल.

हे सांगण्यामागचा तर्क असा. संगणक सुरू होताना प्रोसेसर आणि कार्ड यांची आधी पहिल्या पिढीच्या वेगावर ओळख होते. किती लेन जिवंत आहेत हे तिथेच ठरते. मग ते एकेक पायरी वर चढतात, आणि तिसऱ्या पिढीपासून पुढे लहरींचा आकार नीट जुळवून घेण्याची एक जास्तीची तालीमही होते. चौथ्या पिढीत एका बिटाला मिळणारा वेळ ६२.५ पिकोसेकंद इतका अपुरा असतो. बेस क्लॉक १०२.५ केल्यावर तो ६१ पिकोसेकंदांच्याही किंचित खाली उतरतो. मुळातच घट्ट असलेल्या सदऱ्याची एक शिवण आणखी आत घ्यावी तसे हे आहे. ती तालीम फसली की दोघे समजूतदारपणे एक पायरी खाली उतरतात आणि ‘४.०’ चे ‘३.०’ होते. नेमक्या कोणत्या आकड्याला हे घडेल ते बोर्डावर, कार्डावर आणि मधल्या जोडणीवर अवलंबून असते. माझ्या मते पिढीचा दोष यातून सुटेल. ‘एक्स८’ सुटेल याची मात्र मला खात्री नाही, कारण क्लॉक ताणल्याने सहसा पिढी घसरते. नेमक्या निम्म्या लेन गळण्यामागे बहुधा स्पर्शाचा किंवा लेनच्या वाटपाचा दोष असतो.


चेंबूर_सोल्डर

वरच्या उत्तरातील शेवटच्या वाक्याला धरून लिहितो. मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचे काम करतो आणि समुद्राजवळच्या घरांतून येणारी यंत्रे नेहमी पाहतो.

सोळा लेनच्या स्लॉटमध्ये १६४ संपर्क असतात, प्रत्येक बाजूला ८२. लेन ० ते ७ स्लॉटच्या पुढच्या भागात येतात आणि ८ ते १५ मागच्या भागात, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून दूर, जिथे कार्ड धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा खटका असतो त्या टोकाकडे. त्या मागच्या भागातला एकच संपर्क जरी नीट टेकला नाही, तरी कार्डाला पंधरा लेन वापरण्याची मुभा नसते; त्याला थेट आठवर उतरावे लागते. तेव्हा ‘एक्स८’ चा अर्थ अर्धे कार्ड मेले असा नव्हे. कित्येकदा एका टोकाला कार्ड केसभर वर उचलले गेलेले असते. कार्डाचा स्क्रू पट्टीच्या बाजूला घट्ट बसवला, पण खटका बसल्याचा आवाज आलाच नाही, असे पुष्कळदा घडते. सफाईसाठी किंवा फर्निचर हलवताना कॅबिनेट आडवे-उभे केल्यावरही हे होते.

दुसरे कारण गिरगावात दुर्लक्षिण्यासारखे नाही. संपर्कांवर सोन्याचा मुलामा असतो आणि सोने गंजत नाही, हे खरे. पण तो मुलामा फार पातळ असतो, त्याला सूक्ष्म छिद्रे असतात, आणि खारट दमट हवा त्या छिद्रांतून खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोहोचते. तिथे तयार होणारा क्षार वर येऊन पातळ थरासारखा पसरतो. त्यात पावसाळ्यात ओल धरलेली धूळ मिसळली की संपर्काचा विरोध वाढतो. संगणक बंद पडण्याइतका हा दोष मोठा नसतो, म्हणून तो लक्षात येत नाही.

कार्ड काढण्यापूर्वी दोन निरुपद्रवी शक्यता तपासून घ्याव्यात. काही बी५५० बोर्डांवर दुसऱ्या एम.२ खाचेत एसएसडी लावला किंवा खालच्या मोठ्या स्लॉटमध्ये कॅप्चर कार्ड बसवले, की पहिल्या स्लॉटच्या आठ लेन तिकडे वळवल्या जातात. असे असेल तर दोष काहीच नाही, ती बोर्डाची रचना आहे आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. आपल्याकडे एकच एसएसडी आहे, त्यामुळे ही शक्यता कमी आहे. दुसरे म्हणजे कार्ड उभे दिसावे म्हणून रायझर केबल वापरली आहे का? तिसऱ्या पिढीसाठी बनवलेली केबल चौथ्या पिढीचा वेग पेलत नाही आणि १७ क्रमांकाच्या नोंदींचा पाऊस पाडते.

हे दोन्ही नसेल तर संगणक बंद करून एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) वायर भिंतीतून काढावी, कॅबिनेटवरचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, धातूच्या भागाला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी आणि मग खटका दाबून कार्ड सरळ वर उचलावे. संपर्कपट्टीवर ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले, धागे न सुटणारे कापड हलकेच फिरवावे. खोडरबर कृपया वापरू नये. रॅमला खोडरबर घासण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि त्याने तात्पुरता गुणही येतो, पण त्यातल्या खरखरीत कणांनी सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. स्लॉटमध्ये द्रव ओतू नये. हाताच्या फुग्याने वारा मारावा आणि मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढावी. अल्कोहोल पूर्ण उडून गेल्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी, कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवावे. खटक्याचा ‘टक्’ असा आवाज ऐकल्याशिवाय स्क्रू आवळू नये.

एवढे करूनही ‘एक्स८’च राहिला तर प्रोसेसरच्या पिना पाहाव्या लागतील, कारण सोळाही लेन प्रोसेसरमधूनच येतात. पण ते काम घरी करू नका. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे कूलर उचलताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. त्यात पिना वाकलेली प्रकरणे मी पुष्कळ हाताळली आहेत.


गिरगावकर_संकलक

आपणा सर्वांचे म्हणणे तीन-तीनदा वाचले आणि सांगितलेल्या क्रमानेच पुढे गेले. जे घडले ते नोंदवते.

शुक्रवारी रात्री बेस क्लॉक १०० वर आणला, बाकी काहीही बदलले नाही. रेंडर चाचणीत आता ‘एक्स८ ४.०’ दिसू लागले. शनिवारी दिवसभर एका माहितीपटाचे काम केले आणि संध्याकाळी इव्हेंट व्ह्यूअर उघडला, तर १७ क्रमांकाच्या नव्या नोंदी होत्या, पण पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी. म्हणजे पिढीचा प्रश्न सुटला, लेनचा राहिला, आणि कुठेतरी थोडीशी खोट शिल्लक होती.

माझ्याकडे रायझर केबल नाही आणि दुसरी एम.२ खाच रिकामी आहे. म्हणून काल दुपारी शेजारच्या दादांना मदतीला घेऊन कार्ड काढले. खटका बसलेला नव्हता. तो अर्धवट उघडा होता आणि कार्डाचे मागचे टोक किंचित वर होते; बाहेरून पाहताना हे मला कधीच कळले नसते. भाच्याला संध्याकाळी फोनवर विचारले तेव्हा त्याने सांगितले की, दिवाळीतच त्याने पंखे साफ करण्यासाठी कार्ड काढून परत लावले होते. चिठ्ठीत त्याने फक्त बायोसचे बदल लिहिले होते, म्हणून ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. संपर्कपट्टीच्या टोकाकडच्या काही भागांवर करडा, निस्तेज थर होता. अल्कोहोलने पुसल्यावर कापडावर तपकिरी डाग आले. माझे घर चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि संगणकाचे टेबल खिडकीलगत आहे.

कार्ड परत बसवताना तो ‘टक्’ आवाज स्पष्ट ऐकू आला. आता चाचणीत ‘एक्स१६ ४.०’ दिसते आणि काम नसताना ‘एक्स१६ १.१’, ज्याचा अर्थ आता मला कळतो. थ्रीडीमार्कमधील पीसीआय एक्स्प्रेसची चाचणी मी दुरुस्तीपूर्वीही करून ठेवली होती. तेव्हा सेकंदाला ६ जीबीच्या आसपास आकडा आला होता, आता तो २५ च्या वर आहे. तीन थरांचा प्रीव्ह्यू पूर्ण रिझोल्यूशनमध्ये न अडखळता चालतो. कालपासून १७ क्रमांकाची एकही नवी नोंद नाही.

एक प्रश्न उरला आहे. बेस क्लॉक १०० वर आणल्यामुळे प्रोसेसर ४६०० मेगाहर्ट्झवर आला आणि भाच्याने मिळवून दिलेली वाढ गेली. त्याला वाईट वाटू नये असेही वाटते, आणि रेंडरचा वाचलेला वेळ मलाही हवा आहे. बसला धक्का न लावता ती वाढ परत मिळवता येईल का?


जुना_जोडणीकार (दादर)

वाचून फार समाधान वाटले. चेंबूरच्या मित्रांनी खटक्याचा मुद्दा नेमका ओळखला. मी त्याआधी लेनच्या वाटपातच अडकलो असतो. भाच्यालाही दोष देऊ नका. दोन दोष एकाच संध्याकाळी आत शिरले आणि एकाने दुसऱ्याला झाकले, एवढेच झाले.

वाढ सहज परत मिळेल. ५६००एक्सचा मल्टिप्लायर खुला आहे आणि तो पाव-पाव पायरीने चढतो. बेस क्लॉक १०० वरच ठेवून मल्टिप्लायर ४७.२५ केला की ४७२५ मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे भाच्याच्या ४७१५ पेक्षा दहा जास्तच, आणि रॅम, फॅब्रिक, ग्राफिक्स कार्ड व एसएसडी यांना त्याची झळही पोहोचत नाही. ज्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर कुलूपबंद असतो त्याच्यासाठी बेस क्लॉकला हात घालण्याचा मोह समजू शकतो. आपल्याला त्याची गरज नव्हती. व्होल्टेज मात्र भाच्याने ठेवले आहे त्याच्यावर नेऊ नका. प्रोसेसर त्या व्होल्टेजवर आधीच ४७१५ पेलत होता, तेव्हा ४७२५ लाही तेच पुरेल असे वाटते. तरीही तासभर मोठा रेंडर लावून तापमान आणि स्थैर्य पाहून घ्या. न जमल्यास ४७ वर थांबा.

परीक्षा संपली की भाच्याला प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह आणि कर्व्ह ऑप्टिमायझर यांचा अभ्यास करायला सांगा. सगळे कोअर एकाच आकड्यावर खिळवून ठेवण्याऐवजी ही पद्धत प्रत्येक कोअरच्या कुवतीनुसार वेग देते आणि कमाल बूस्टची मर्यादा २०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवू देते. हलक्या कामात वीजही कमी लागते.

टेबल खिडकीपासून हलवता आले तर हलवा. ते शक्य नसेल तर दर पावसाळ्यानंतर एकदा कार्ड काढून संपर्कपट्टी पुसावी, आणि त्याची तारीख भाच्याच्या त्याच चिठ्ठीवर खाली लिहून ठेवावी.


गिरगावकर_संकलक

मल्टिप्लायर ४७.२५ वर तासाभराचा रेंडर दोनदा पूर्ण झाला. बस ‘एक्स१६ ४.०’ वरच आहे आणि इव्हेंट व्ह्यूअर कोरा आहे. टेबल आतल्या भिंतीकडे सरकवले. चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली असून त्यावर बेस क्लॉक, मल्टिप्लायर आणि कार्ड पुसल्याची तारीख लिहिली आहे.